कानातली शिट्टी आणि पहिले काही महिने

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. बाहेर काही वाजत नसताना कुणाच्या कानात नव्याने आवाज यायला लागला (डॉक्टर याला टिनिटस म्हणतात) की ओळखीतून कुणीतरी माझं नाव सुचवतं आणि मग तोच प्रश्न येतो, "सुरुवातीचे महिने तुम्ही काढलेत तरी कसे?" विचारणारा बहुतेक वेळा रात्रभर झोपलेला नसतो, ते बोलण्यातूनच कळतं. प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न असतो, हे असंच कायमचं राहणार का, आणि तो तोंडावर आणायची भीती वाटते. म्हणून त्याचंच उत्तर आधी देते. काहींचा आवाज पहिल्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत विरतो. माझा राहिला. दोन्ही कानांत, डावीकडे थोडी जास्त, उंच पट्टीतली बारीक शिट्टी आजही आहे. पण तुमचे आज जे हाल चालले आहेत, ते माझे राहिले नाहीत. आवाज तेवढाच राहून हाल संपू शकतात, हे तेव्हा कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी मला पटलं नसतं. तुम्हालाही आज पटणार नाही, तरी वाचा.

कान-नाक-घसा तज्ज्ञांना अजून दाखवलं नसेल तर आधी ते करा. कधीकधी नुसता मळ साचलेला असतो. ऑडिओग्राम, म्हणजे ऐकू येण्याची चाचणी, करून घ्या, कारण थोडं कमी ऐकू यायला लागलेलं आपलं आपल्याला कळत नाही. आवाज एकाच कानात असेल तर तो नीट तपासून घ्यायलाच हवा. एखाद्या कानाचं ऐकू येणं एकदम कमी झालं असेल, आवाज नाडीच्या ठोक्याबरोबर धडधडत असेल, सोबत गरगरत असेल किंवा चेहऱ्याची एक बाजू लुळी वाटत असेल तर आजच जा. अचानक आलेल्या बहिरेपणावर उपचार लवकर सुरू झाले तरच गुण येण्याची शक्यता जास्त असते. हे सगळं झालं, डॉक्टर म्हणाले "काळजीचं काही नाही", आणि घरी येऊन तुम्ही आणखीच घाबरलात, तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

माझा दिवस कसाबसा ढकलला जायचा. संध्याकाळ झाली की पोटात गोळा यायचा, कारण पुढे रात्र होती. घरातली बोलणी थांबायची, दिवे मालवले जायचे, आणि एकेक आवाज कमी होईल तसतशी शिट्टी पुढे यायची. कूस बदलून डावा कान उशीत दाबला की ती थेट कपाळामागे शिरल्यासारखी वाटायची. मी दोन उशांमध्ये डोकं घालून पडायचे. बाहेरचं सगळं अडवलं गेल्यामुळे तिच्याशिवाय काही उरायचंच नाही. छाती धडधडायची, तळव्यांना घाम सुटायचा, आणि डोक्यात एकच गोष्ट फिरत राहायची: उद्याही हेच, परवाही हेच, मरेपर्यंत हेच.

अशा वेळी माणूस शांतता शोधायला धावतो, आणि नेमकी तीच या काळात सोसत नाही. १९५३ साली हेलर आणि बर्गमन या दोन अमेरिकी संशोधकांनी उत्तम ऐकू येणाऱ्या ८० जणांना आवाजबंद खोलीत बसवलं आणि काय ऐकू येतंय ते नोंदवायला सांगितलं. ९४ टक्के लोकांनी कसला ना कसला आवाज ऐकल्याचं नोंदवलं. कानाची कसलीही तक्रार नसलेली माणसं होती ती! मग आधीच शिट्टी वाजणाऱ्या कानाला शांतता काय देणार?

झोपायच्या खोलीत मी रात्रभर बारीक आवाज ठेवू लागले, कधी पंख्याचा, कधी पावसाच्या रेकॉर्डिंगचा. शिट्टी पार बुडून जावी एवढा मोठा. माझ्या ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकू येण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञ, म्हणाल्या, "थोडा लहान करा. शिट्टी ऐकू येत राहू दे, फक्त पावसात मिसळू दे. झाकून ठेवलेल्या गोष्टीची मेंदूला सवय होत नाही." बरीच घासाघीस करून मी पाऊस एक घर खाली आणला. झोप येतच नसेल तेव्हा अंथरुणात तळमळत पडायचं सोडलं. उठून दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसायचं, डोळे जड झाले की परत यायचं. यातलं काहीही जादूचं नव्हतं. पण अंथरूण म्हणजे छळ हे समीकरण हळूहळू सैल झालं.

मला खरा आधार मिळाला तो ही भीती कशाची आहे हे समजल्यावर. आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या, बारीक केस असलेल्या पेशी असतात, एकेका कानात सुमारे १५ हजार. वयाने, मोठ्या आवाजाने, काही औषधांनी त्या मरतात आणि माणसात पुन्हा उगवत नाहीत. कानाकडून येणारे संदेश कमी झाले की मेंदू आपली संवेदनशीलता वाढवतो, आणि मग मज्जापेशींची नेहमीचीच कुजबुज आवाज म्हणून ऐकू येऊ लागते, असं बरेच संशोधक मानतात. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चांगलं ऐकू येणाऱ्या १८ जणांनी आठवडाभर एका कानात बोळा घालून ठेवला. १४ जणांना आवाज ऐकू यायला लागले, आणि बोळा काढल्यावर ते गेले. हे वाचलं त्या दिवशी मी साध्या रस्त्यावरच्या गजबजाटातही कानात बोळे घालून हिंडणं थांबवलं. खरोखरच मोठा आवाज असेल तिथे बोळे हवेतच, इतर वेळी कानाला जग ऐकू द्यावं.

हा झाला आवाज. हाल निराळ्या ठिकाणी तयार होतात. १९९० मध्ये पावेल यास्त्रेबॉफ या संशोधकांनी मांडलं की शिट्टी ऐकू येणं वेगळं आणि तिचा त्रास होणं वेगळं. मेंदूतल्या भावनांच्या आणि धोक्याची सूचना देणाऱ्या यंत्रणा त्या आवाजाला चिकटतात तेव्हा त्रास सुरू होतो. दारातलं राखणीचं कुत्रं नव्या माणसावर जीव तोडून भुंकतं. तोच माणूस रोज येतो, काही न करता निघून जातो, तेव्हा काही दिवसांनी ते नुसती मान वर करून बघतं आणि पुन्हा झोपतं. आपला मेंदू हेच करू शकतो. अट एवढीच की घरातल्यांनी रोज दाराशी धावत जाऊन त्याला भुंकायला उठवू नये.

आणि आपण नेमकं तेच करतो, सगळेच करतात. सकाळी डोळे उघडायच्या आधी कान लावून बघायचं, आहे का? न्हाणीघराचं दार लावून, नळ बंद करून बघायचं. तळव्यांनी कान झाकून, जबडा आवळून, मान वळवून बघायचं. (जबडा आवळला की बऱ्याच जणांचा आवाज बदलतो. त्याने काही बिघडत नाही, घाबरू नका.) वहीत दहापैकी किती ते लिहायचं. रात्री दोन वाजता मोबाइलवर सगळ्यात वाईट अनुभव शोधून वाचायचे. या प्रत्येक वेळी मेंदूला निरोप जातो की ही गोष्ट महत्त्वाची आहे, डोळ्यात तेल घालून लक्ष ठेव. पहिल्या महिन्यांत तुमच्या हातात असलेली सर्वांत मोठी गोष्ट कोणती असं मला कुणी विचारलं, तर मी म्हणेन हा पहारा उठवणं. तो एका दिवसात उठत नाही. लक्ष जातं ते जातंच, त्याला आपला इलाज नाही. पण मुद्दाम जाऊन तपासणं आपल्या हातात असतं. मी वहीतले आकडे बंद करून त्या जागी दिवसभरात काय केलं ते लिहायला लागले: कुणाशी बोलले, किती चालले, काय वाचलं. आवाज भयंकर होता असं वाटलेल्या दिवसांतही बरंच काही करून झालेलं असायचं, आणि ते कागदावर दिसायचं.

ऑडिओलॉजिस्टकडची एक दुपार सांगायलाच हवी. त्यांनी मला हेडफोन लावले आणि यंत्रावर एकेक सूर लावत विचारत गेल्या, "असा? याहून बारीक?" एका सुरावर मी हात वर केला. तोच होता, हुबेहूब. माझ्या डोक्याबाहेर तो पहिल्यांदाच ऐकला आणि डोळे भरून आले. मग त्यांनी तो किती मोठा आहे ते जुळवलं. मला जेमतेम ऐकू येईल अशा सर्वांत बारीक सुरापेक्षा तो दहा डेसिबलही मोठा नव्हता. मला राग आला. एवढासा आवाज आणि मी एवढी कोसळले, असं कुणी म्हणतंय असं वाटलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "बहुतेकांचा एवढाच भरतो. जे मजेत आहेत त्यांचा आणि ज्यांना जगणं अशक्य झालंय त्यांचाही. म्हणून तुमचा त्रास आम्ही डेसिबलमध्ये मोजत नाही." त्रास मोजायला त्यांनी २५ प्रश्नांची एक प्रश्नावली दिली. ती १९९६ पासून जगभर वापरात आहे. झोप लागायला त्रास होतो का, चिडचिड होते का, यातून सुटका नाही असं वाटतं का, असे प्रश्न. कुणीतरी योग्य ते विचारतंय याचंच केवढं बरं वाटलं! त्या प्रश्नावलीत माझे गुण बरेच जास्त आले होते, म्हणजे त्रास मोठा होता. पण ते कमी होऊ शकतात, हेही त्याच दुपारी कळलं.

औषधांचं थोडक्यात. हा आवाज बंद करणारी खात्रीची गोळी आज नाही. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात जिन्को (एका झाडाच्या पानांचा अर्क), मेलाटोनिन, झिंक यांसारखी पूरकं यासाठी देऊ नयेत असं स्पष्ट म्हटलं आहे. ऐकू कमी येत असेल तर श्रवणयंत्राने अनेकांना दुहेरी फायदा होतो, ऐकूही येतं आणि शिट्टीही मागे पडते, तेव्हा लाजू नका. आणि चालू असलेलं कुठलंही औषध डॉक्टरांना न विचारता स्वतःहून बंद करू नका.

ज्याचा सर्वांत भक्कम पुरावा आहे ती आहे कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी, म्हणजे घाबरवणारे विचार आणि सवयी तपासून बदलायला शिकवणारा मानसोपचार. कॉक्रेन ही संस्था उपचारांवरचे अभ्यास एकत्र करून तपासते; तिच्या २०२० च्या आढाव्यात २८ चाचण्या आणि २,७३३ लोक होते. आवाजाचा जगण्यावर होणारा परिणाम या थेरपीने कमी होतो, असा निष्कर्ष निघाला. आवाज लहान होतो असा दावा कुणी करत नाही. मानसोपचाराचं नाव काढल्यावर "म्हणजे हे माझ्या मनाचे खेळ आहेत का?" असं विचारणारे अनेक भेटतात. नाही, आवाज खरा आहे. घाबरलेल्या मनाला मदत लागते, एवढाच त्याचा अर्थ. मी गेले. "आता मला कधीच झोप लागणार नाही" हे वाक्य तिथे कागदावर लिहायला लावलं, आणि त्यासमोर काल काय झालं ते. काल पहाटेपर्यंत जागी होते, मग झोप लागली होती. वाक्य खोटं ठरलं. ते पुन्हा मनात आलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोटं ठरलं. कंटाळा येईपर्यंत हे करावं लागतं.

शोकाबद्दल फार कमी बोललं जातं. शांतता गेली याचं मला दुःख झालं, अगदी माणूस गेल्यासारखं. पहाटेची, पुस्तक वाचतानाची, दुपारच्या रिकाम्या घरातली शांतता माझी होती आणि मला न विचारता ती गेली. ते दुःख कुणाला दिसत नाही, कारण बाहेरून आपण धडधाकट असतो. २०२२ मधल्या एका मोठ्या आढाव्यानुसार जगातल्या सुमारे १४ टक्के प्रौढांना हा आवाज येतो आणि जवळजवळ २ टक्क्यांना त्याचा तीव्र त्रास होतो. म्हणजे शेजारच्या कितीतरी जणांच्या कानात तो असेल, आणि तरी पहिल्या महिन्यांत आपण जगात एकटे असतो. रडू आलं तर रडून घ्या. "काहींना तर किती मोठे आजार असतात" असं म्हणून स्वतःला गप्प बसवू नका, त्याने दुःख आत कोंडून राहतं.

रडण्याच्या पलीकडे गेलं असेल, जगणं नको असं मनात येत असेल, तर हे वाचणं थांबवा आणि आत्ता जवळच्या माणसाला तेवढ्याच शब्दांत सांगा, आणि आजच डॉक्टरांकडे किंवा रुग्णालयात जा. हे विचार पहिल्या महिन्यांत अनेकांना येतात. ते झोपेविना दमलेल्या, घाबरलेल्या मेंदूचे असतात, आणि त्यावर उपचार आहेत. मी याबाबत कुणालाही "धीर धरा" म्हणत नाही. मदत मागा, असंच म्हणते.

सुधारणा सरळ रेषेत होत नाही. एकदा कुणाशी तरी गप्पांत रंगले आणि नंतर लक्षात आलं की मधल्या सगळ्या वेळात शिट्टी ऐकलीच नव्हती. लक्षात येताक्षणी ती परत आली, पण ती मधली वेळ खरी होती. अशा वेळा वाढत जातात. मग एखादा आठवडा येतो, सर्दी होते, दगदग होते, झोप कमी पडते आणि आवाज चढतो. सगळं पहिल्यापासून सुरू झालं असं वाटतं. तसं नसतं. चढलेला आवाज माझ्या बाबतीत दरवेळी उतरला आहे. त्या दिवसांत मी एवढंच करते: मुद्दाम कान लावून तपासत नाही, पाऊस थोडा मोठा लावते आणि ठरलेली कामं रद्द करत नाही.

आता तुमच्या घरातल्यांसाठी, कारण हल्ली फोन अनेकदा त्यांचेच येतात. "सवय होईल" हे खरं आहे, पण पहिल्या महिन्यात ते ऐकणाऱ्याला दार लावून घेतल्यासारखं लागतं. त्याऐवजी रात्री तासभर शेजारी जागे राहा. माझा नवरा रोज सकाळी काळजीने विचारायचा, "आज आवाज कसा आहे?" आणि उत्तर द्यायला मला पुन्हा कान लावून बघावं लागायचं. समुपदेशकांनी सांगितल्यावर त्याने तो प्रश्न बदलला. "झोप लागली का?" असं विचारू लागला, आणि लागली नसेल तर सकाळची कामं न बोलता स्वतःकडे घेऊ लागला. तुम्हीही तेवढं करा.