सुकती नसलेल्या पाण्यात

रत्नागिरीजवळ भाट्याच्या खाडीवर गरवायला, म्हणजे गरीने मासे धरायला, जायचं तर आधी तिथी बघायची. भरती किती वाजता, सुकती म्हणजे ओहोटी कधी लागणार, हे बाबांना तोंडपाठ. नॉर्थ कॅरोलायनात केरीला राहायला आलो आणि घरापासून अर्ध्या तासावर जॉर्डन लेक आहे म्हटल्यावर वाटलं, हे तर आपलंच काम. लायसन्स ऑनलाइन काढलं (सोळा वर्षांखालच्या पोराला लागत नाही, म्हणून पोरगा खूश) आणि ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी फॅरिंग्टन रोडच्या पुलाजवळ जाऊन बसलो.

चार तासांत काही नाही. पुढच्या शनिवारीही नाही. बाबांना फोन केला तर म्हणाले, ‘‘अरे, भरतीला गेलास की सुकतीला?’’ आता त्यांना काय सांगणार! तळं हॉ नदीवर धरण बांधून झालेलं. भरती नाही, ओहोटी नाही. पाणी नुसतं पसरलेलं.

तिसऱ्या खेपेला शेजारी एक म्हातारेबुवा बसले होते. बादलीत जिवंत मिनो (आमिषाचे बारके मासे), हवेचा छोटा पंप लावलेला. त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, पाण्याचं तापमान किती? मला माहीत नव्हतं. ते हसले नाहीत, हे त्यांचे उपकार. मग समजावून सांगितलं. उन्हाळ्यात वर गरम पाण्याचा थर आणि खाली प्राणवायू नसलेलं गार पाणी, असं तळं दोन मजली असतं. शरदात वरचं पाणी थंड होतं, जड होतं, खाली जातं आणि दोन्ही मजले एक होतात. त्या दिवसांत मासे सैरभैर. पुढे गारवा वाढतो तसे शॅड नावाच्या छोट्या माशांचे थवे तळ्याला मिळणाऱ्या ओढ्यांच्या फाट्यांत, अगदी टोकापर्यंत शिरतात. त्यांना खाणारे बास मासे त्यांच्या मागे. म्हणजे इथे घड्याळ बघायचं नाही, थर्मामीटर बघायचा.

क्रॅपी या तळ्यातल्या दुसऱ्या माशाची गोष्ट आणखी वेगळी. तो तळाला बसत नाही, पुलाच्या खांबांशी किंवा बुडालेल्या फांद्यांशी मध्येच कुठेतरी तरंगत राहतो. शिवाय त्याचं लक्ष वर असतं. मी खाडीच्या सवयीने शिसं तळाला टेकवून बसलेलो, म्हणजे आमिष माशांच्या पोटाखाली! बुवांनी तरंगता बोया लावायला सांगितला आणि गरी दहा फुटांवर धरली. पंधराव्या मिनिटाला बोया बुडायच्या ऐवजी आडवा पडला. क्रॅपी आमिष घेऊन वर आला की दोरावरचं वजन हलकं होतं आणि बोया लोळतो. मी शेंगटीला द्यायचा तसा हिसडा दिला. गरी रिकामी, तिच्या टोकाला पांढरट कातडीचा कण. इथे त्याला पेपरमाउथ, म्हणजे कागदी तोंडाचा, म्हणतात ते उगाच नाही. असे तीन मासे घालवले. मनगट ऐकेचना. शेवटी काठी डाव्या हातात धरली, डाव्याला जोर नाही, आणि नुसती उचलली. आला.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला भाड्याची कायाक घेऊन व्हाइट ओक क्रीकच्या फाट्यात गेलो. पाणी ६१ फॅरनहाइट. अगदी आतल्या उथळात शॅड पावसाच्या थेंबांसारखे उडत होते आणि मधूनच भसकन पाणी फुटायचं. चंदेरी क्रँकबेट (माशाच्या आकाराचं खोटं आमिष) त्या गडबडीत टाकलं आणि लार्जमाउथ बास लागला. त्याने कायाकच फिरवली. त्याला सोडून दिला. खरं तर मन होत नव्हतं, पण मोठ्या बासमध्ये पारा साठतो. इथल्या आरोग्य खात्याने मुलांना आणि गरोदर बायकांना तो खाऊ नका म्हणून सांगितलंय, आणि घरात पोरगा आहे.

क्रॅपी मात्र घरी आले. दहा इंचांखालचे ठेवायचे नाहीत, म्हणून मोजपट्टी लावून पाचच. आगळ, हळद, तिखट, रव्यात घोळून तव्यावर. बाबांना व्हिडिओ कॉलवर ताट दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं आणि विचारलं, ‘‘काटे फार आहेत काय रे?’’

फार नाहीत. पण खाडीच्या पालूची चव नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.