गाडी ठणठणीत, मालक हयात नाही

जुनी गाडी घेणाऱ्याच्या बाजूने ती तपासून देणं, हा माझा धंदा. आधी बरीच वर्षं वर्कशॉपला काढली, आता पुण्यात स्वतंत्र फिरतो. बॅगेत रंगाची जाडी मोजायचं गेज, स्कॅनर, जंप स्टार्टर, टॉर्च, छोटा आरसा आणि गाडीखाली सरपटायला एक जुनी सतरंजी. फी आधी घेतो. 'घ्या' म्हटलं तरी तेवढीच, 'नको' म्हटलं तरी तेवढीच.

गेल्या दिवाळीनंतर फलटणच्या एका शिक्षकांचा फोन आला. घरात नवरा-बायको, दहावी-आठवीतली दोन मुलं आणि दोन्ही गुडघे बदललेल्या आई. आईंच्या दवाखान्यासाठी पुण्याला सारखी ये-जा, एका बाजूने शंभरएक किलोमीटर. बजेट सगळं धरून नऊ लाख. सरांचा प्रश्न सरळ होता: शोरूममधून नवी डिझायर काढायची, की सेकंडहँडमध्ये सिटी, सियाझ, व्हर्ना अशी एक साइज मोठी सेडान बघायची?

नवी मोठी सेडान बजेटबाहेरच होती. शोरूमचा भावच दहा-अकरा लाखांपासून सुरू होतो, त्यावर आरटीओ आणि विमा. मधली दरी बरीचशी करानं पाडलेली आहे. चार मीटरच्या आतली आणि १२०० सीसीपर्यंतची पेट्रोल गाडी २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटीत आली. आधी सेस धरून २९ होता. साडेचार मीटरच्या आसपासच्या सेडानला सेससकट ४५ टक्के लागत होते, ते ४० झाले. म्हणजे स्वस्त दोन्ही झाल्या, पण छोटी जास्त झाली. डिझायर ३९९५ मिलिमीटर लांब आहे, ती उगाच नाही.

"वर्षाला किती पळेल?" मी विचारलं. दहा-बारा हजार, म्हणाले. एवढ्या कमी वापराला डिझेल कशाला? तो विषय तिथेच संपवला. सरांनी पुण्यातल्या दोन गाड्या हेरून ठेवल्या होत्या, रविवारी दोन्ही बघायचं ठरलं.

पहिली वाकडला, सर्व्हिस रोडवरच्या एका डीलरकडे. २०१६ची सियाझ, धुऊनपुसून डॅशबोर्डला पॉलिश मारलेली. छतावर गेजने ११५ मायक्रॉन दाखवले; कंपनीचा रंग साधारण तेवढाच असतो. उजव्या मागच्या बाजूला आकडा सातशेवर गेला. एवढी जाडी म्हणजे खाली पुट्टी. पुढच्या डाव्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बघितला, तर त्याच्या लेबलवर २०२१ साल. २०१६च्या गाडीत २०२१चा पट्टा हौसेनं कोणी बसवत नाही, मोठ्या धडकेनंतरच बदलावा लागतो. डीलर म्हणाला, "साहेब, नॉन-ॲक्सिडेंटल आहे, लिहून देतो."

"द्या लिहून," मी म्हटलं. तो कागद आणायला आत गेला आणि चहा घेऊन बाहेर आला. आम्ही निघालो.

दुसरी सहकारनगरात, एका जुन्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये. २०१७ची होंडा सिटी, पेट्रोल, मॅन्युअल. अंगावर कव्हर, कव्हरवर बोटभर धूळ. सरांना ही ओळखीतून कळली होती. फोनवर विकणाऱ्या काकूंनी एवढंच सांगितलं होतं की गाडी आमच्या ह्यांच्या नावावर आहे, एकहाती वापरलेली आहे आणि पावणेसहा लाखांना द्यायची आहे.

मी कागद आधी मागतो. काकू म्हणाल्या, "आधी गाडी बघा. पसंतच पडली नाही तर फाइल कशाला उघडायची?" बँकेतून निवृत्त झालेल्या बाई, सत्तरीच्या आसपास, आवाज असा की वाद घालायची हिंमत होत नाही.

कव्हर काढलं. चाकांना विटा लावलेल्या, गाडी गिअरमध्ये, हँडब्रेक सोडलेला. उभ्या गाडीचा हँडब्रेक ओढून ठेवला की मागच्या ब्रेकचे लायनर ड्रमला चिकटतात. हे माहीत असलेला माणूस विरळा. बॅटरी मेलेली. बोनेटखालच्या गादीचा एक कोपरा उंदरांनी कुरतडला होता, एअर फिल्टरच्या डब्यात त्यांचा संसार. टायरची नक्षी जाड, बघणारा फसावा अशी, पण बाजूला ०४१७ कोरलेलं. २०१७च्या चौथ्या आठवड्यातले मूळचे टायर, कडांना केसासारख्या चिरा. असे टायर उन्हाळ्यात पुणे-फलटण रस्त्यावर कुठेतरी फुटणार. चारही बदलायचे, स्टेपनी फार तर अडीअडचणीला ठेवायची.

मीटरवर अडतीस हजार. आठ वर्षांच्या गाडीला अडतीस हजार दिसले की माझा पहिला विचार मीटर मागे फिरवलाय हाच असतो. पण ड्रायव्हरच्या सीटचा कड, क्लचच्या पॅडलचं रबर, स्टिअरिंगवरची झीज, सगळं अडतीस हजाराला साजेसं होतं. गेज फिरवलं: सगळीकडे शंभर-सव्वाशे, डाव्या मागच्या दारावर मात्र दोनशे साठ. मी काही बोलायच्या आत काकू म्हणाल्या, "ते दार २०१९ मध्ये गेटला घासलं होतं. रंग कंपनीतूनच मारून घेतलाय, बिल आहे. आणि पावसात डिकीच्या उजव्या कोपऱ्यात थोडं पाणी येतं, तेही लिहून घ्या."

डिकीचं मला अजून सापडलेलं नव्हतं. विकणाऱ्यानं आपणहून दोष सांगायचा, हे मी धंद्यात फारसं ऐकलेलं नाही. स्टेपनीच्या खड्ड्यात हात घातला तर खरंच ओल होती. डिकीचं रबर कडक झालेलं.

जंप स्टार्टर लावला. टाकीत जुनं पेट्रोल, तेही इथेनॉल मिसळलेलं आणि ओलावा धरणारं, म्हणून धाकधूक होती. तिसऱ्या प्रयत्नाला इंजिन लागलं, मिनिटभर थरथरलं आणि मग एका सुरात चालू लागलं. स्कॅनरवर कमी व्होल्टेजचा एक कोड सोडला तर काही नाही. इंजिनातली चेन कुरकुरत नव्हती, सायलेन्सरला निळा धूर नव्हता. २०१७-१८ मध्ये तयार झालेल्या काही सिटींचे फ्युएल पंप कंपनीनं २०२४ मध्ये परत बोलावून फुकट बदलून दिले. चॅसी नंबर टाकून तेही बघितलं, हिचा नंबर त्यात नव्हता.

तोवर सरांच्या आई मागच्या सीटवर बसून बघत होत्या. सेडानची बैठक खाली असते, त्यामुळे आत शिरताना त्यांना सुनेचा हात लागला. शोरूममधल्या डिझायरमध्येही लागला होता म्हणे. फरक बसल्यावर पडला. त्यांना बदललेले गुडघे तास-दोन तास दुमडून ठेवता येत नाहीत, पुढची सीट सरकवून त्यांनी दोन्ही पाय लांब केले आणि म्हणाल्या, "इथं पाय सोडून बसता येतंय गं." सुनेनं तेवढं ऐकलं. ती साखर कारखान्याच्या अकाउंट्सला आहे. सर बोलत होते, हिशोब ती करत होती.

मी म्हटलं, "चला काकू, एक चक्कर मारून येतो." त्या म्हणाल्या, "सोसायटीत मारा. बाहेर नाही. विमा संपलाय."

थर्ड पार्टी विम्याशिवाय गाडी रस्त्यावर काढणं गुन्हा आहे, आणि त्या दहा मिनिटांत कुणाला धक्का लागला तर भरपाई मालकाच्या बोकांडी. तरी हजार विकणाऱ्यांपैकी एकही असं म्हणत नाही. सोसायटीच्या आतल्या रस्त्यावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये फिरवून आणली. डिस्कवरचा गंज चार ब्रेक मारल्यावर निघाला. त्या वेगात याहून जास्त कळत नाही, हे सरांना स्पष्ट सांगितलं.

मग वर घरी गेलो, फाइल उघडली. सर्व्हिसची सगळी बिलं ओळीनं, शेवटचं एप्रिल २०२४चं, त्यावर सदतीस हजार नऊशेचं रीडिंग. शिवाय एक दोनशे पानी वही: प्रत्येक वेळी भरलेलं पेट्रोल, तारीख, किलोमीटर, लिटर. शहरात बारा-तेरा, हायवेला सतरा. सर खूश. मीही. मग आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा दाखला, बाहेर आली. कर्जाचा बोजा नाही, २०३२पर्यंत वैध. नाव काकांचं.

"काका कुठे आहेत? सही लागेल त्यांची," सर म्हणाले.

"गेले. गेल्या वर्षीच्या मे महिन्यात."

खोलीत कुणालाच काय बोलावं कळेना. काकूच बोलल्या. आधी दोन एजंट येऊन गेले होते. एक म्हणाला, जुन्या चेकवरची सही बघून २९ आणि ३० नंबरच्या, गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या फॉर्मवर करून टाकू, कुणी बघत नाही. दुसरा जरा आधुनिक. तो म्हणाला, काकांचा मोबाइल चालू आहे ना, ओटीपी तेवढा सांगा. "तीस वर्षं लोकांच्या सह्या पडताळण्यात गेली," काकू म्हणाल्या, "आता मेलेल्या नवऱ्याची खोटी करू? गाडी सडली तरी चालेल."

हे दोन एजंट काही जगावेगळे नाहीत. मेलेल्या माणसाच्या सहीवर झालेले व्यवहार मी पाहिले आहेत आणि घेणाऱ्याला त्यातून बाहेर काढलं आहे. असा व्यवहार सुरळीत पार पडतो, तोवर सगळे शहाणे. पुढे मुलांपैकी एकानं हरकत घेतली किंवा अपघाताचा क्लेम उभा राहिला की खोटी सही बाहेर येते, आणि तेव्हा पैसे देऊन बसलेला माणूस पोलीस ठाण्यात जबाब देत असतो. मालक म्हणजे आरसीवर ज्याचं नाव तो, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे.

खरा रस्ता लांब आहे, पण अवघड नाही. मालक वारला की ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत ३१ नंबरचा फॉर्म भरून वारसाच्या नावावर गाडी करून घ्यायची. विमाही मृत्यूनंतर तीन महिने किंवा मुदत संपेपर्यंत, यातलं जे आधी असेल तेवढाच टिकतो. काकूंचं हे सगळं हुकलं होतं; त्या दिवसांत गाडीचे कागद कोणाच्या डोक्यात असतात? विमा संपून ९० दिवस उलटल्यानं काकांचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दलची विम्यातली सूट, तीही गेली. ती नवऱ्याकडून बायकोला मिळू शकली असती.

त्यांच्या डायनिंग टेबलावरच मी यादी केली. मृत्यूचा दाखला, काकूंचं प्रतिज्ञापत्र, मुलगा परदेशात आणि मुलगी नागपूरला, दोघांची ना हरकत. मग फॉर्म ३१ आणि उशिराचा दंड. २०१९च्या आधीची गाडी म्हणून एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरच्या पाट्या. मग काकूंच्या नावाने विमा, पीयूसी. मग रस्त्यावर टेस्ट ड्राइव्ह. आणि सगळ्यात शेवटी सरांच्या नावावर ट्रान्सफर. सरांना बाजूला घेऊन म्हटलं, काकूंच्या नावाची आरसी हातात येईपर्यंत टोकनचा एक रुपयाही द्यायचा नाही. काकूंना ते ऐकू गेलं. "बरोबर आहे," त्या आतून म्हणाल्या, "मी घेणारही नाही." आणि कॉफी घेऊन बाहेर आल्या. विकणाऱ्याकडचं मी काही घेत नाही, ती घेतली.

खर्चाचा अंदाज: टायर, बॅटरी, ब्रेक, सगळी ऑइलं, फिल्टर, डिकीचं रबर, उंदरांची साफसफाई मिळून पंचेचाळीस हजार. काकू पाच तीसला आल्या आणि तिथे थांबल्या. मॅडमनी, म्हणजे सरांच्या बायकोनं, बेरीज केली: नाव-विमा-दुरुस्ती धरून सहाच्या थोडं आत-बाहेर. डिझायर साडेआठच्या आसपास.

माझं मत विचारलं, ते असं दिलं. नव्या डिझायरला सहा एअरबॅग आहेत, ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीचे पाच तारे आहेत आणि वॉरंटी आहे; या सिटीला एअरबॅग दोनच आणि वॉरंटी म्हणजे ती दोनशे पानी वही. मुलं लहान असती, चौघंच असते, तर मी डोळे झाकून डिझायर म्हटलं असतं. पण पाच माणसं, त्यात दोन वाढती मुलं आणि गुडघे न दुमडणाऱ्या आई. शिवाय मुक्कामाचं सामान, ५१० लिटरची डिकी. वर उरलेल्या पैशात काही बिघडलं तरी निस्तरता येईल. वाट बघायची तयारी असेल तर ही घ्या. पुढच्या महिन्यात लग्नाला जायला गाडी हवी असेल तर नवीच घ्या.

सरांना घाई होती, मॅडमना नव्हती. मॅडमचं चाललं.

फेब्रुवारीत काकूंचा फोन आला: आरसी आली, विमा आला, पाट्या बसल्या, टायर सोडून बाकी सगळं त्यांनीच करून घेतलं. या वेळी गाडी कात्रजच्या पुढे नेली. साठ-सत्तरच्या वेगाला पुढच्या डाव्या चाकातून घुईं असा आवाज यायला लागला. बेअरिंग. सोसायटीत ऐकू येण्यासारखं ते नव्हतंच. मॅडमनी लगेच साडेतीन हजार कमी करा म्हटलं. काकू म्हणाल्या, बदलून घ्या, बिल पाठवा, जेवढं असेल तेवढं देते. बिल तीन हजार दोनशेचं झालं आणि त्यांनी तेवढेच पाठवले.

ट्रान्सफरचे कागद भरायला बसलो तेव्हा काकूंनी सरांच्या हातातून पेन घेतलं आणि नॉमिनीच्या रकान्यावर बोट ठेवलं. २०२१पासून आरसीवर नॉमिनीचं नाव घालता येतं. मालकाच्या माघारी त्याच्या नावावर गाडी चढवणं मग बरंच सोपं जातं. बहुतेक जण तो रकाना कोरा सोडतात. सर जरा बावचळले. नवी गाडी घेताना माणूस असलं काही मनात आणत नाही. मॅडमनी पेन घेऊन स्वतःचं नाव लिहिलं आणि खाली सही करायला कागद नवऱ्यापुढे सरकवला.