ओढून निघालेला केस

न्यायवैद्यक प्रयोगशाळेत कागदी पाकिटात सीलबंद आलेलं फिर्यादीचं गडद जॅकेट. सोबतच्या पत्रात दोन प्रश्न: झटापट झाली का, आणि जॅकेटवरचे केस संशयिताचे आहेत का?

सुटे दिसणारे केस आधी चिमट्याने उचलले. चिमटा कायम मधल्या भागावर, आणि हलका. मुळावर दाब पडला तर हव्या असलेल्या पेशीच चिरडतात. प्रत्येक केस वेगळ्या कागदी पुडीत. प्लॅस्टिकला स्थिर विद्युतमुळे केस चिकटतो आणि उघडताना कुठे उडाला ते कळत नाही.

हाती आले चार. दोन आखूड केसांत मेड्युला, म्हणजे केसाच्या मधोमधचा गाभा, केसाच्या जाडीच्या निम्म्याहून जास्त रुंद होता. माणसाच्या केसात तो सहसा जाडीच्या एक तृतीयांशाहून कमी असतो, कधी तुटक, कधी नसतोच. पारदर्शक नेलपॉलिश अर्धवट वाळल्यावर त्यात केस दाबून ठसा घेतला, तर खवले पाकळ्यांसारखे. मांजर. विषय संपला.

तिसरा माणसाचा, पण मूळ बोंडासारखं गोल: आपसूक गळालेला. असे केस बसच्या सीटवरूनही अंगावर येतात.

चौथ्याचं मूळ मात्र रिबिनीसारखं ताणलेलं, त्याला मुळाभोवतीच्या आवरणाचा पांढुरका तुकडा चिकटलेला. वाढीच्या अवस्थेतला केस, जोराने ओढलेला. यावरून लगेच झटापट सिद्ध होत नाही. दाट कंगव्यानेही असे केस निघतात. मुळापासून ३ सेंटिमीटरवर कृत्रिम रंग सुरू होत होता. डोक्याचा केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो, म्हणजे रंग लावून अंदाजे तीन महिने झालेले.

तुलनेला संशयिताचे आलेले नमुने म्हणजे एकाच जागचे, कात्रीने कापलेले पाच केस. परत पाठवले. एकाच डोक्यावर केसागणिक फरक असतो. वेगवेगळ्या भागांतले किमान २५ तरी लागतात, उपटलेले आणि विंचरलेले दोन्ही.

नवे नमुने आल्यावर तुलनात्मक सूक्ष्मदर्शकाखाली रंगकणांची मांडणी, क्युटिकलची (वरच्या खवल्यांच्या थराची) जाडी, रंगाची रेघ, सगळं सारखंच दिसलं. ‘केस त्याचाच’ म्हणण्याचा मोह इथेच होतो. अमेरिकेच्या एफबीआय या तपास संस्थेने २०१५ साली जाहीर केलेल्या फेरतपासणीत, केसांच्या अशा तुलनेवर दिलेल्या ज्या साक्षी तपासल्या त्यांतल्या किमान ९० टक्क्यांत चुकीची विधानं सापडली होती. अहवालात एवढंच लिहिलं: संशयिताला वगळता येत नाही.

मोजमापं आणि फोटो झाल्यावरच मूळ कापून डीएनएला दिलं, कारण त्या चाचणीत ते संपतं. मूळ नसलेल्या केसाच्या नुसत्या दांड्यातून बहुधा मायटोकॉन्ड्रियल डीएनएच मिळतो, आणि तो आईकडून मुलांकडे जात असल्याने एकाच मातृवंशातल्या नातलगांत सहसा सारखा. इथे मुळामुळे पूर्ण डीएनए प्रोफाइल आलं. ते संशयिताचं नव्हतं.