हरळी

‘जिले जन्मभर वावरातून हुसकून लावलं, त्याच हरळीले आता पानी देऊन राहिली? काहून वं बाई?’

हा प्रश्न मला पहिल्यांदा मोठमायनं विचारला. मग गावातल्या लग्नात कुणी विचारला, बसमध्ये शेजारी बसलेल्या बाईनं विचारला, कॉलेजच्या मैत्रिणींनी विचारला. शहरातून येणारे पाहुणे तो जरा वेगळ्या शब्दांत विचारतात: ‘शेतकऱ्याची मुलगी ना तुम्ही? मग हे काम कसं काय घेतलंत?’ तुम्ही विचारलंत म्हणून आज बसून सांगते, कारण उभ्या उभ्या दिलेलं उत्तर नेहमी अपुरं राहतं.

माझं काम गवताचं. कन्हान नदीच्या काठी एक लहानसं हॉटेल आहे. चौदा खोल्या, पुढं नऊ होलचं गोल्फचं मैदान, पलीकडं संत्र्याची बाग. नागपूरची, क्वचित रायपूर-भोपाळची माणसं शनिवार-रविवार येतात, सकाळी खेळतात, दुपारी जेवून झोपतात, संध्याकाळी नदीवर जातात. त्या मैदानाची देखभाल माझ्याकडं आणि माझ्यासोबतच्या सहा माणसांकडं आहे. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून मी पदवी घेतली. तिथं पिकांच्या यादीत हरळी नव्हती. ती तणांच्या यादीत होती.

आमच्या घरीही ती तणच होती. वावर काळ्या मातीचं, पीक पऱ्हाटीचं, मधल्या ओळींत तूर. हरळी धुऱ्यावरून आत शिरायची. तिचे धागे वर पसरतात तसे जमिनीच्या आतही पळतात, आणि प्रत्येक पेराला मुळं फुटतात. डवरा फिरवला की ती मरत नाही, तिचे तुकडे होतात, आणि जितके तुकडे तितकी नवी हरळी. म्हणून निंदताना आई सांगायची, तोडू नको, खालून काढ. खुरप्यानं पाव वावर निंदून झालं की बोटांच्या पेरांत काळी रेघ बसायची, ती दोन दिवस निघायची नाही. उन्हाळ्यात नांगरट झाल्यावर बाबा तिच्या मुळ्या वेचून धुऱ्यावर ढीग घालायचे आणि पेटवायचे. गणपतीत मात्र तिच्याच एकवीस दूर्वांची जुडी बांधायला आजी मला त्याच धुऱ्यावर पाठवायची. ज्या हातानं जाळायची त्याच हातानं वाहायची. लहानपणी मला यात काही वावगं वाटलं नाही, आजही वाटत नाही.

गोल्फच्या मैदानावर जिला बर्म्युडा ग्रास म्हणतात, ती हीच. नाव परक्या बेटाचं, झाड आपल्या धुऱ्यावरचं. तिला ऊन हवं, सावली सोसत नाही. जनावरांनी तुडवली तरी उठते, पाणी तुटलं तर पिवळी होऊन पडून राहते, पहिल्या पावसाला पुन्हा हिरवी. शेतकऱ्याला जे गुण छळतात तेच गोल्फवाल्याला लागतात.

हे मला नीट उमगलं ते एका माणसाबद्दल वाचल्यावर. अमेरिकेत जॉर्जिया राज्यात टिफ्टन नावाचं गाव आहे. तोही कापसाचाच मुलूख, आणि तिथल्या कापूसवाल्यांनाही हरळीचा आपल्यासारखाच जाच. ग्लेन बर्टन नावाचे पैदासकार तिथल्या संशोधन केंद्रावर आले. जवळच्याच एका जुन्या कपाशीच्या शेतात सापडलेल्या जोमदार हरळीचा दक्षिण आफ्रिकेतून आणलेल्या हरळीशी त्यांनी संकर केला, आणि त्यातून निवडलेलं गुरांच्या चाऱ्याचं वाण १९४३ साली बाहेर पडलं. पुढं त्यांनी मैदानासाठी बारीक पानाची वाणं काढली. त्यातलं टिफड्वार्फ १९६५ सालचं. आता यापुढचं ऐका. बाजरीची टिफ्ट २३ए ही नरवंध्य ओळसुद्धा, म्हणजे जिच्यात परागच धरत नाही म्हणून संकराला सोपी अशी ओळ, बर्टन यांचीच. तिच्यापासून लुधियानाला आपल्या देशातली पहिली संकरित बाजरी, एचबी-१, तयार झाली. तीही १९६५ सालीच. गरिबाची भाकर आणि मैदानाचं गवत एकाच माणसाच्या हातून आलं. तेव्हापासून श्रीमंतांसाठी राबतेस का, असं कुणी विचारलं की मला अवघडल्यासारखं होत नाही. गवत कुणाच्या बाजूचं नसतं. ते कुठं लावलं आणि त्याला पाणी कुठून दिलं, हा प्रश्न मात्र खरा आहे, आणि तो विचारायलाच हवा.

तर पाण्याचं सांगते. आमच्या चाळीस एकरांत सतत पाणी लागतं ते फक्त ग्रीनला, म्हणजे चेंडू ज्या खळग्यात घालायचा त्या होलभोवतीच्या गुळगुळीत तुकड्याला, आणि जिथून पहिला फटका मारतात त्या टीला. नऊच्या नऊ धरून हे सगळं दीड एकराच्या आसपास. ते पाणी येतं शेततळ्यातून आणि खोल्यांच्या न्हाणीघरांतल्या सांडपाण्यातून, गाळून. नदीवर आमची मोटर नाही. ही अट मी काम घेतानाच घातली होती. मधला मोठा पट्टा, फेअरवे, तो आपल्या गावरान हरळीचा. एप्रिल-मेमध्ये पारा ४५च्या वर जातो तेव्हा आम्ही त्याला पाणी देत नाही. तो पिवळा पडतो, मग तपकिरी होतो. काही पाहुणे नाराज होतात, टीव्हीवर पाहिलेलं हिरवं मागतात. मी त्यांना सांगते, पलीकडच्या वावरात विहीर तळाला गेली असताना मी इथं तुषार फिरवणार नाही. मृगाचे दोन पाऊस पडू द्या, मग या.

शेजाऱ्यांची दुसरी भीती हरळी त्यांच्या वावरात घुसण्याची. ग्रीनवरच्या संकरित वाणाला बी धरत नाही, ते कांड्या लावूनच वाढवावं लागतं. पण फेअरवेवरची गावरान हरळी पळतेच. म्हणून कुंपणाला लागून दोन फूट खोल चर आहे, आणि महिन्यातून एकदा मी स्वतः तो फिरून पाहते. चरात लोंबणारी मुळी दिसली की हात लहानपणीसारखाच चालतो. तोडत नाही, खालून काढते.

ग्रीन बांधायला मात्र आम्हाला फार त्रास पडला. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते. त्यावर चेंडू सरळ कसा जाणार? अमेरिकेच्या गोल्फ संघटनेनं १९६० साली ग्रीन बांधायची एक पद्धत छापली, तीच आजही जगभर चालते: खाली गिट्टीचा थर, वर फूटभर रेती, तिच्यात गवत. रेती कुठली, हे इथं कुणी विचारत नाही. नागपूरकडं घर बांधणारा प्रत्येक माणूस कन्हानच्या रेतीचं नाव घेतो. आम्हीही तीच लिलावाच्या घाटावरून पावतीनिशी घेतली, दोनदा धुतली, तीनदा चाळली. पहिल्या पावसात ग्रीनवरचं पाणी दहा मिनिटांत खाली उतरलं, आणि दोन पावलांवरच्या काळ्या मातीत माझा पाय घोट्यापर्यंत रुतला.

२०२०च्या ऑगस्टअखेरीस पेंच आणि कन्हानला महापूर आला. तिसरं आणि चौथं होल पाण्याखाली गेलं. पाणी उतरलं तेव्हा चार बोटं गाळ साचला होता. शेजारच्या वावरातलं सोयाबीन सडलं, त्याचा वास आठवडाभर हटला नाही. आमच्या गाळातून मात्र महिन्याभरात हिरव्या सुया वर आल्या. त्या दिवशी मला आनंद झाला असं मी म्हणणार नाही. शेजारच्या काकांकडं पाहायची हिंमत होत नव्हती. त्या वर्षी आमच्या माणसांनी आठ दिवस मैदान सोडून त्यांच्या वावरातला गाळ काढला.

आता ‘आम्हाला खेळता येत नाही, येऊन काय करू’ असं विचारणाऱ्यांसाठी. थंडीत या, दिवाळीनंतर ते महाशिवरात्रीपर्यंत. पहाटे नदीवर धुकं असतं, आणि चक्रवाकाची जोडी रेतीच्या पट्ट्यावर बसलेली दिसते. नऊ होल चालायला दोन तास लागतात, चेंडू मारा किंवा मारू नका. टिटवीनं उघड्यावर अंडी घातली असली तर आम्ही चार काठ्या रोवून दोरी बांधतो. चेंडू आत गेला तर बाहेर ठेवून पुढं खेळायचं. (टिटवी उंचवट्यावर अंडी घालते की सखल जागी, यावरून आमच्याकडची जुनी माणसं पावसाचा अंदाज बांधतात. मी दर उन्हाळ्यात नोंद ठेवते.) जेवायला गोवऱ्यांवरचे रोडगे, वांग्याचं भरीत, आणि ज्वारी दाण्यावर आली की हुरडा. खेळाचा एकच नियम मी सगळ्यांना आधी सांगते: चेंडू जिथं पडला तिथूनच मारायचा. आणि फटक्यानं गवताचा तुकडा उखडला तर तो उचलून, जागेवर बसवून, वरून पाय द्यायचा. पेरं ओली असली की आठवड्यात पुन्हा धरतात.

मागच्या जानेवारीत बाबा दोन रात्री राहायला आले. त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. ‘तुझ्या मालकाच्या हाटेलात मी काय करू’ म्हणत तीन वर्षं त्यांनी टाळलं होतं. सकाळी हात मागं बांधून ते माझ्याबरोबर निघाले. फेअरवेवर आल्यावर थांबले, उकिडवे बसले, एक धागा वर उचलला, नखानं पेर दाबून पाहिलं.

‘हे तं आपलीच आहे.’

‘हो, बाबा.’

‘कापता किती बोटं?’

म्हटलं, इथं बोटभरही नाही, आणि ग्रीनवर तर चार-पाच मिलिमीटर. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘एवढी बारीक कापूनही मरत नाही म्हणजे आपण निंदत होतो ते बरोबरच होतं. खालून काढल्याशिवाय जात नाही.’

सहाव्या होलच्या ग्रीनवर मी त्यांच्या हातात पटर, म्हणजे चेंडू जमिनीवरून होलकडं ढकलायची काठी, दिला. जगातलं कुठलंही होल घ्या, माप एकच, १०८ मिलिमीटर, लोटीच्या तोंडाएवढं. चेंडू दहा-बारा हातांवर ठेवला. समोरून पाहिलं तर जमीन सपाट. मी मुद्दाम काही सांगितलं नाही. नवा माणूस इथं सरळ मारतो आणि चेंडू उजवीकडं निघून जातो. बाबांनी मारलं नाही. ते होलच्या पलीकडं गेले, खाली बसले, डोळे बारीक करून जमिनीकडं पाहत राहिले. मग उठून डावीकडं हातभर अंतरावर बोट दाखवलं.

‘पानी तिकडून येते आणि असं वळते. होय ना?’

पन्नास वर्षं रात्रपाळीच्या विजेवर, कंदिलाच्या उजेडात ओलित केलेला माणूस. कुठल्या सरीत पाणी पळतं, कुठं तुंबतं, कुठला बांध फोडावा लागतो, हे पायांनी ओळखणारा. आमच्याकडचे सर्वांत जुने माळीकाका उमेदीत छावणीतल्या मैदानावर कॅडी, म्हणजे खेळाडूंच्या काठ्या वाहणारे, होते. ते नवीन खेळाडूंना हेच शिकवतात: ग्रीनवर डोळ्यांनी पाणी ओता, ते जिकडं जाईल तिकडं चेंडू जाईल. कित्येकांना हे वर्षानुवर्षं जमत नाही. बाबांनी पहिला चेंडू होलच्या काठाशी आणून थांबवला. दुसरा हळू वळत गेला आणि आत पडला. टक्क आवाज झाला. ते हसले नाहीत. पुन्हा पलीकडं जाऊन बसले आणि उतार आणखी एकदा पाहून आले.

रात्री जेवताना त्यांनी मला शेततळ्याचं, गाळणीचं, चराचं सगळं विचारलं. दुसऱ्या दिवशी चर स्वतः चालून पाहिला, आणि एका ठिकाणी तो बुजत आलाय हे दाखवलं. माझ्या नजरेतून ते सुटलं होतं. त्याच दुपारी आम्ही तिथं पुन्हा खणलं.

संध्याकाळी त्यांना बसस्टॉपवर सोडायला निघाले. फाटकापाशी ते थांबले, दगडावर टेकले आणि दोन्ही चपला काढून एकमेकींवर झटकल्या. उजव्या चपलेच्या तळाला मातीत अडकलेला हरळीचा एक तुकडा होता, दोन पेरांचा. तो त्यांनी नखानं सोडवला, हातात धरून पाहिला, मग चार पावलं मागं येऊन पुन्हा फेअरवेवर टाकला आणि वरून पाय दिला.