एकाच अध्यायातले दोघे

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५७ फुटांच्या वर गेले. तेथे धोक्याची पातळी ४५ फूट धरतात, त्यामुळे गावभागात आणि सांगलवाडीत काय झाले असेल हे सांगलीकरांना वेगळे सांगायला नको. पूर ओसरल्यानंतर आमच्या ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, मुलांची रविवारची शाळा पुन्हा भरली, तेव्हा सतरंज्या कुजल्यामुळे मुले ओल्या फरशीवर प्लॅस्टिकचा कागद अंथरून बसली होती आणि खोलीभर गाळाचा वास होता.

मुलांना शास्त्र, म्हणजे बायबल, शिकवण्याची सेवा मी बरीच वर्षे करीत आले आहे. त्या दिवशीचा नेमलेला पाठ ‘देव प्रार्थना ऐकतो’ हा होता. तो सुरू होण्याआधीच एका मुलीने उभे राहून साक्ष दिली की, घरातील सर्वांनी रात्रभर प्रार्थना केली आणि पाणी त्यांच्या उंबऱ्याखालच्या पायरीवर थांबले. तिचा आनंद खरा होता आणि मुलांनी ‘हालेलुया’ म्हटले तेही मनापासून. तेवढ्यात मागच्या रांगेतला चौथीतला एक मुलगा उठला. “टीचर, मी बी केली हुती की प्रार्थना. आमचं करडू व्हावून गेलं.” तो रडत नव्हता. शर्टाचे सैल झालेले बटण पिळत तो माझ्या उत्तराची वाट पाहत होता.

अशा वेळी ‘विश्वास कमी पडला’ असे मुलाला सांगणारे मोठे लोक मी पाहिले आहेत. नुकसान झालेल्या लेकराच्या डोक्यावर वर दोषही ठेवणे, यासारखे क्रौर्य मला दुसरे दिसत नाही.

पाठ येशूचा शिष्य पेत्र याच्या तुरुंगातून सुटकेचा होता आणि पुस्तकात तो तुरुंगापासून सुरू होत होता. मी मात्र बायबलमधील ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाचा बारावा अध्याय पहिल्या ओवीपासून वाचायला घेतला. हेरोद राजा आधी येशूचाच दुसरा एक शिष्य, योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारवितो. मग पेत्राला धरतो. चार-चार शिपायांच्या चार तुकड्या पहाऱ्यावर, दोन साखळ्या, दोन्ही बाजूंना शिपाई आणि तरीही देवदूत येतो, लोखंडी दरवाजा आपोआप उघडतो. पेत्र दार ठोठावतो तेव्हा रुदा नावाची मुलगी आनंदाच्या भरात दार न उघडताच आत धावते, आणि त्याच्यासाठी प्रार्थना करीत बसलेले लोक तिलाच वेडी ठरवतात. म्हणजे मागणाऱ्यांच्या विश्वासाची ही अवस्था, आणि तरीही पेत्र दारात उभा!

“मग याकोबासाठी कुणी प्रार्थना केली न्हवती व्हय?” त्या मुलाने विचारले. शास्त्रात तसे लिहिलेले नाही, पण त्याच्यावर प्रेम करणाऱ्यांनी केली असणारच, असे मला वाटते, हे मी त्याला सांगितले. याकोब वाचला नाही म्हणून देवाचा त्याच्यावर कमी जीव होता, असे तेथे कोठेही म्हटलेले नाही. एक का सुटला आणि एक का गेला, हे मला सांगता येत नाही, हेही मी सांगितले.

“देवाचा राग आला असं त्यालाच सांगितलं, तर चालतं?” हा त्याचा पुढचा प्रश्न. मी बायबलमधील तेरावे स्तोत्र काढून त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेतले. त्याच्या पहिल्या दोन ओव्यांत दावीद ‘कोठवर’ असे देवाला चार वेळा विचारतो, आणि हीसुद्धा प्रार्थनाच आहे.

त्या आठवड्यात एका पालकबाईंनी, अशाने मुलांचा विश्वास डळमळेल, अशी काळजी बोलून दाखवली. मी त्यांना म्हटले, “ताई, विश्वास डळमळतो तो पटकन दिलेल्या खोट्या उत्तराने, पोराला पुढे कळतंच ते.” त्यांना ते पूर्ण पटले नाही. मंडळीचे धर्मगुरू असलेल्या पाळकसाहेबांनी मात्र माझी एक विनंती मान्य केली: मुलांच्या प्रार्थना-विनंत्यांच्या वहीत उपकारस्तुतीच्या पानासमोर आता देवाकडे करायच्या तक्रारींचे पान असते आणि दर रविवारी दोन्ही पाने वाचूनच आम्ही प्रार्थना करतो.