विहिरीच्या पंपासाठी फायबरचा ट्रान्समीटर-रिसीव्हर निवडताना: माझा अनुभव

आमचं घर वर कातळावर, विहीर खाली खाडीच्या अंगाला, माडांच्या बागेत. घराचा मीटर वेगळा, पंपाचा शेतीचा मीटर वेगळा. खांब वेगळे, अर्थिंग वेगळं. या दोन टोकांमध्ये तांब्याचा एकच दुवा होता: विहिरीतली पातळी सांगणारी आणि पंप चालू-बंद करणारी माझी सिग्नलची तार. मिरगाच्या आधी गडगडाट सुरू झाला की जवळपास कुठेतरी वीज पडायची, दोन अर्थिंगमध्ये क्षणभर प्रचंड फरक व्हायचा आणि तो फरक धावायला वाट एकच, माझी तार. दोन्ही टोकांच्या आरएस-४८५च्या (लांब तारेवरून सिग्नल पाठवायची एक पद्धत) चिपा तडकायच्या, कधी सोबत कंट्रोलरही जायचा. सर्ज प्रोटेक्टर लावा म्हणणारे पुष्कळ भेटले. पण प्रोटेक्टरला चांगलं अर्थिंग लागतं, आणि जांभ्यात सळई हातभर जायची मारामार. मोबाईलवरून चालणाऱ्या ऑटो स्टार्टरचा विचार केला होता, पण विहिरीपाशी रेंजच येत नाही.

म्हणून फायबर, म्हणजे विजेऐवजी प्रकाशातून निरोप नेणारा प्लास्टिकचा बारीक धागा. प्लास्टिकमधून वीज वाहत नाही, विषय संपला. खरी गुंतागुंत पुढे होती: टोकांना बसवायचं काय? म्हणजे निरोपाचा प्रकाश करणारा ट्रान्समीटर आणि तो प्रकाश ओळखणारा रिसीव्हर कोणता?

पहिल्यांदा डोळ्यासमोर येतो तो टॉसलिंक, टीव्ही आणि साउंडबारच्या मागे असतो तो. तोशिबाने १९८३ मध्ये आणला. सुटे भाग स्वस्त, जोडायला सोपे. पण तो खोलीतल्या खोलीत पाच-दहा मीटरांसाठी आहे. शिवाय डेटाशीटमध्ये एक ओळ असते, ती नजरेतून सुटू नये: यातल्या बऱ्याच रिसीव्हरांना किमान वेग लागतो, सेकंदाला ०.१ मेगाबिट वगैरे. ऑडिओचा सिग्नल सतत हलत असतो, त्यामुळे तिथे चालून जातं. माझा पंप तासन् तास 'चालू' याच स्थितीत राहणार. अशा थांबलेल्या सिग्नलचं त्या रिसीव्हरला काहीच करता येत नाही. निवडताना 'डीसीपासून' (म्हणजे अजिबात न बदलणारा सिग्नलही चालतो) असे शब्द शोधावेत ते यासाठी.

मग आलो एचएफबीआर या नंबराने सुरू होणाऱ्या ट्रान्समीटर-रिसीव्हरांच्या मालिकेवर. मूळची ह्युलेट-पॅकार्डची. पुढे तीच अ‍ॅजिलेंटची झाली, मग अ‍ॅव्हागोची, आता ब्रॉडकॉमची. त्यामुळे एकाच नंबरची डेटाशीट चार वेगवेगळ्या नावांनी सापडते, गोंधळून जाऊ नये. करडा डबा म्हणजे ट्रान्समीटर, निळा म्हणजे रिसीव्हर. फायबर १ मिलिमीटरचं प्लास्टिकचं, वरच्या आवरणासकट २.२ मिलिमीटर. प्रकाश ६६० नॅनोमीटरचा, म्हणजे डोळ्यांना दिसणारा लाल. लाल प्रकाश घेण्यामागे कारण आहे. या प्लास्टिकमध्ये लाल प्रकाश मीटरला सुमारे ०.२ डेसिबल (घट मोजायचं माप, दर दहा डेसिबलला उजेड दहापट कमी) गळतो, इन्फ्रारेड त्याच्या कितीतरी पट. रिमोटमधला एलईडी घेऊन त्याला हे फायबर चिकटवलं, तर खोलीच्या पलीकडे जाणं कठीण.

या मालिकेत तीन जोड्या समोर होत्या. १५२१-२५२१ ही ५ मेगाबॉडची (सेकंदाला पन्नास लाख बदल), १५२२-२५२२ एक मेगाबॉडची, १५२३-२५२३ फक्त ४० किलोबॉडची. दुकानदार स्वाभाविकपणे पहिली पुढे करतो. भंगारातल्या मोठ्या इन्व्हर्टरांमध्येही तीच मिळते, कारण तिथे आयजीबीटींना (मोठा करंट तोडणारे-जोडणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) झपाट्याने हुकूम द्यायचे असतात. मी मागितली शेवटची, सर्वांत सुस्त. कारण रिसीव्हर जितका हळू, तितका त्याच्यात शिरणारा गोंगाट कमी, आणि तितका तो मंद प्रकाश ओळखतो. २५२१ला किमान उणे २१.६ डीबीएम (एक मिलिवॅटच्या तुलनेत मोजलेला उजेड, उणे जितकं जास्त तितका मंद) प्रकाश लागतो, २५२३ला उणे ३९ पुरतो. फरक साडेसतरा डेसिबल, म्हणजे पन्नासपटीहून जास्त. मीटरला ०.२ धरले तर केवळ रिसीव्हर बदलून पंच्याऐंशी-नव्वद मीटर फायबर जास्त टाकता येतं. आणि मला पाठवायचं काय आहे? पातळीचा एक आकडा आणि पंपाची स्थिती. ९६०० बॉडलासुद्धा मी चैन म्हणेन.

गडग्याच्या कडेने मोजलं तर फायबरची वाट सुमारे ७० मीटर होते. हिशोब करताना मी नेहमी हात राखून आकडा घेतो. ६० मिलिअँपिअरला ट्रान्समीटरचे मी उणे १८ डीबीएमच धरले, रिसीव्हरला उणे ३९ हवेत, हाती राहिले २१ डेसिबल. ७० मीटरला ०.२२ने साडेपंधरा गेले. उरले साडेपाच. त्यातले तीन आधीच बाजूला ठेवायचे: टोकावर बसणारी धूळ, एलईडीचं वय, आणि मे महिन्यात पत्र्याच्या पेटीतली उष्णता, कारण तापला की एलईडी मंदावतो. एवढं करून शिल्लक राहते म्हणून ही जोडी घेतली.

६० मिलिअँपिअर कंट्रोलरच्या पिनमधून ओढायचे नाहीत. साध्या अर्डुइनोच्या पिनची कमाल मर्यादाच ४० आहे. मध्ये एक ट्रान्झिस्टर आणि ५ व्होल्टवर ५६ ओहमचा रेझिस्टर, काम होतं. रिसीव्हरच्या पायांना अगदी खेटून ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर हवाच, लांब पायांचा लोंबता चालत नाही. आणखी एक: टेबलावर एक मीटर तुकडा लावून तपासताना करंट कमी ठेवा. २५२३ला फार उजेडही झेपत नाही, उणे १३.७ डीबीएमच्या वर गेलं की मर्यादा ओलांडली. जवळून चाचणी फसते आणि माणूस चांगला माल परत पाठवून बसतो.

रिसीव्हर सिग्नल उलटा करतो: उजेड आला की आउटपुट खाली. मी ठरवलं की अंधार म्हणजे शांतता. फायबर तुटलं, उंदरानं कुरतडलं, घरची लाईट गेली, काहीही झालं तरी विहिरीकडे अंधारच पोचेल. तिथल्या कंट्रोलरला काही सेकंद घरचा निरोप आला नाही की तो पंप बंद करतो. उलट जोडणीही चालली असती, पण मग तुटलेलं फायबर आणि 'चालू'चा हुकूम सारखेच दिसले असते.

टोकं कापणं ही हाताची कला. नव्या पात्याने काटकोनात एकच काप, मग ६०० नंबरच्या पॉलिश पेपरवर आणि शेवटी ३ मायक्रॉनच्या फिल्मवर इंग्रजी आठाच्या आकारात घासायचं. दिसणाऱ्या प्रकाशाचा फायदा इथे कळतो. मी घरून ट्रान्समीटर लावला आणि शेजारचे काका विहिरीपाशी फायबरचं टोक हातात धरून उभे.

"काका, दिसता काय?"

"दिसता रे! तांबडो ठिपको!"

एवढ्यावर मीटरशिवाय निम्मी तपासणी झाली. फायबर सगळं पाइपातून नेलं, वळणं रुंद ठेवली. तीन-चार सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा आवळून वळवलं की उजेड बाहेर गळतो. मोकळ्या तोंडांना टोपणं लावा. आमच्याकडे मुंग्यांना अशी भोकं फार आवडतात, आणि पावसाळ्यात बुरशीलाही.

सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, आमची पाण्याची टाकी आहे, तिचं प्रकरण मात्र निराळं होतं. ती घरापासून चारेकशे मीटर लांब. प्लास्टिकने ऐंशी डेसिबल खाल्ले असते, म्हणजे ते शक्यच नव्हतं. तिथे काचेचं सिंगल मोड, १३१० नॅनोमीटरला किलोमीटरला सुमारे ०.३५ डेसिबल. त्याचा गाभा ९ मायक्रॉनचा, घरी घासून जुळवण्याचा हट्ट मी धरला नाही. एसएफपी मॉड्यूल (नेटवर्कच्या यंत्रांत खोचायचे फायबरचे छोटे ट्रान्समीटर-रिसीव्हर) स्वस्त दिसतात, पण त्यांनाही सतत हलणारा सिग्नल लागतो, सीरियलची तार थेट लावून चालत नाहीत. सरळ एका फायबरवर चालणारे इथरनेट मीडिया कन्व्हर्टर (नेटवर्कच्या तारेतला सिग्नल प्रकाशात बदलणारे डबे) घेतले. एक १३१०वर पाठवतो आणि १५५०वर ऐकतो, दुसरा उलट. दोन एकाच जातीचे आले तर बोलत नाहीत, म्हणून ए आणि बी अशी जोडी पाहून घ्यावी. हिरवा आणि निळा कनेक्टर एकमेकांत बसतो, पण टोकांचा कोन वेगळा असतो, प्रकाश वाया जातो.

गावातल्या केबलवाल्या मुलाने स्प्लाइस करून, म्हणजे काचेची टोकं वितळवून जोडून दिलं. त्याच्याकडची केबल मात्र मी घेतली नाही. घरोघरी नेतात त्या ड्रॉप केबलमध्ये बहुधा पोलादी तार असते, खांबावरून ताणायला. ती घराला आणि सड्याला जोडली की विजेला पुन्हा वाट मिळाली. "दादा, ही चांगली मजबूत आहे," तो सांगत होता, आणि खोटं काहीच बोलत नव्हता. मी फायबरग्लासच्या दांड्याची, धातू अजिबात नसलेली मागवून घेतली.

हे पाहून काकांना आता गोठ्यातल्या मोटरसाठी तसंच हवं आहे. अंतर २५ मीटर. त्यांना ४० किलोबॉडची जोडी मी देणार नाही. इतक्या जवळून तिला उजेड जास्त होऊ शकतो, मग करंट उतरवत बसायचं. १५२२-२५२२ सांगितली आहे. २५ मीटरला साडेपाच डेसिबल जातात, आणि त्यानंतरही तिच्याकडे तीनपेक्षा जास्त उरतात.