निळ्या मखमलीचा गाऊन: सांगाडा उभा राहिला, आता पानांची वेल

'क्रिम्झन पीक' या चित्रपटातल्या ल्यूसिल शार्पचा निळा गाऊन मी स्वतः घालायला शिवतेय, आणि तो आता डमीवर उभा आहे. कॉर्सेट (कमर आवळणारी आतली कंचुकी), बसल (स्कर्टची मागची बाजू उचलून धरणारा सांगाडा) आणि पेटीकोट शिवून झाले, स्कर्टला कमरपट्टी लागली, बॉडिसचा, म्हणजे गाऊनच्या वरच्या भागाचा, पुढा आणि पाठ जोडून झाली. बाह्या, उंच कॉलर आणि मखमलीवर चढणारी काळी पानं बाकी आहेत. पानांना वेळ लागणार, तोवर आतापर्यंत जे हाती लागलं ते लिहून ठेवते.

हा पोशाख करायला घेणाऱ्याने कापडाआधी साल बघावं. गिलेर्मो देल तोरो यांचा हा चित्रपट २०१५ चा, वेशभूषा केट हॉली यांची, आणि कथेचा मुख्य भाग घडतो १९०१ मध्ये. त्या साली फॅशनमधला स्कर्ट कमरेखाली सपाट उतरून थेट तळाशी फुलायचा. बसल तर १८९० च्या आसपासच मोडीत निघाला होता. ल्यूसिल मात्र अजून १८८० च्या दशकाच्या आकारात वावरते: गळ्यापर्यंत बंद, अंगाला घट्ट, सगळा घेर मागे ओढलेला. तिच्यासमोर तिच्या भावाची नवी बायको एडिथ येते ती फिकट रंगांत आणि फुगीर बाह्यांत. ल्यूसिलचं घर जमिनीत खचत चाललंय आणि घरातली बाई जुन्या काळातून बाहेर पडलेली नाही, हे हॉली यांनी नुसत्या आकारातून सांगितलंय. त्यामुळे १९०१ चा पॅटर्न तंतोतंत घेऊन त्यावर निळी मखमल चढवली, तर कपडे इतिहासाला धरून होतील, पण ल्यूसिल त्यात सापडणार नाही. मी हे काम केलंय ते या एका गोष्टीला धरून.

बसलचेही दोन काळ आहेत. १८७० च्या दशकाच्या सुरुवातीचा बसल मऊ, गोलसर, खाली ओघळणारा. मधे काही वर्षं तो जवळजवळ नाहीसाच झाला. मग १८८३ ते १८८९ च्या सुमारास परत आला तो ताठ, कमरेखाली एकदम आडवा निघणारा. मी दुसऱ्या काळाचा घेतला, पण त्याचा आडवेपणा थोडा कमी केला, कारण चित्रपटातली रेषा तेवढी टोकाची नाही. जाड कॉटन ड्रिलला नेफे शिवून त्यांत पोलादी पट्ट्या सरकवल्या, पट्ट्यांची टोकं टोपणं घालून बंद केली, आणि आतल्या बाजूने डावी-उजवीकडून नाड्या जोडल्या. खरी कारागिरी या नाड्यांची आहे. त्या आवळल्या की पट्टी घोड्याच्या नालेच्या आकाराची होते, आणि जितकं आवळाल तितका बसल मागे निघतो. पेटीकोटला मागच्या बाजूने झालरी हव्यातच, नाहीतर पट्ट्यांच्या कडा स्कर्टवर उमटतात. आकार नक्की करण्याआधी बसलवर मखमलीचा पूर्ण पनाच टाकून बघा. मखमल वजनदार असते, रिकाम्या बसलवर जो उठाव दिसतो तो तिच्या ओझ्याखाली बराच उतरतो.

कॉर्सेटवर लांबण लावत नाही, त्यावर असे पोशाख शिवणाऱ्या आपल्यातल्या अनेकांनी भरपूर लिहिलंय. दुहेरी कापड, आत कमरेला न ताणणारी पट्टी, शिवणींवर पोलाद. आवर्जून सांगायचं ते एवढंच: वरच्या कपड्यांची सगळी मापं कॉर्सेट आणि बसल घालूनच घ्यायची. कॉर्सेटने कमर नुसती बारीक होत नाही, तिची जागाही बदलते. मागची लांबी बसलवरून जाते, म्हणून स्कर्टचा मागचा पाट पुढच्यापेक्षा बराच लांब बेतावा लागतो.

मशीनवर शिवलं तर ते 'खरं' नाही असा सूर कधीकधी ऐकू येतो. एलायस हाऊ यांनी शिलाई मशीनचं पेटंट घेतलं १८४६ मध्ये, सिंगरचं आलं १८५१ मध्ये. १८८० च्या दशकातल्या गाऊनच्या लांब शिवणी मशीनच्याच असायच्या, आणि सजावट नि आतली सफाई हाताने. मीही तसंच करतेय, निर्धास्तपणे.

आता मखमल. मी सुती मखमल घेतली. पॉलिएस्टरची स्वस्त आणि हलकी असते, पण फ्लॅश पडला की तिच्यावर पांढरट चमक येते आणि कापड नवंकोरं दिसतं. हा गाऊन तर पिढ्यान् पिढ्या बंद राहिलेल्या घरातला वाटायला हवा. सुती मखमल उजेड पिऊन घेते. त्यातही लव कुठल्या दिशेला आहे यावर रंग ठरतो. हात खालून वर फिरवला आणि कापड गुळगुळीत लागलं, तर लव वर जाणारी आहे. तशी बेतली तर समोरून बघणाऱ्याची नजर लवेच्या मुळाशी जाते आणि निळा अधिक खोल दिसतो. सगळे तुकडे याच दिशेने कापायचे, एकही उलटा नाही, म्हणजे एका गाऊनमध्ये दोन निळे दिसत नाहीत. याला कापड जास्त लागतं, ते आधीच धरून चाला.

मखमल शिवताना दोन्ही तुकड्यांची लव एकमेकींना ढकलते आणि वरचा तुकडा सरकत जातो. टाचण्यांवर भरवसा ठेवता येत नाही, शिवाय त्यांच्या खुणा राहतात, म्हणून टाचण्या फक्त मार्जिनमध्ये. शिवणीच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना हाताने बारीक कच्चे टाके घातले, आणि मगच वॉकिंग फूट (दोन्ही थर सारखे पुढे सरकवणारा मशीनचा पाय) लावून, टाका मोठा ठेवून, लवेच्या दिशेने मशीन चालवली. इस्त्री सुलट्या बाजूने कधीच नाही. खाली मखमलीचाच उरलेला तुकडा लव वर करून पसरायचा, त्यावर गाऊनचं कापड पालथं ठेवायचं, वरून नुसती वाफ द्यायची आणि शिवण बोटांनी उघडायची. एकदा चपटी झालेली लव पूर्वीसारखी उभी राहत नाही.

रंगाची परीक्षा कॅमेऱ्यावर घ्या, आरशात नाही. पिवळ्या दिव्याखाली हा निळा जवळजवळ काळा होतो आणि त्यावरची काळी पानं गायब होतात. मी तीन वेगवेगळे काळे शेजारी ठेवून फोटो काढून बघितले: साटीन, ऑर्गंझा (पातळ, पारदर्शक, ताठ कापड) आणि सुती. निळ्यावर साटीनचंच पान उठून दिसलं, कारण मखमल उजेड गिळते आणि साटीन परत फेकतं. गॉथिक म्हणजे सगळं एकाच काळ्या कापडात, असं समजून शिवलेले पोशाख फोटोत सपाट डाग होऊन बसतात ते याचमुळे. व्हिक्टोरियन लोकांना काळ्यातला हा फरक नेमका ठाऊक होता. १८६१ मध्ये प्रिन्स अल्बर्ट गेल्यावर राणी व्हिक्टोरियाने शेवटपर्यंत काळे कपडे सोडले नाहीत, आणि त्या काळात कडक शोकाचं कापड म्हणजे निस्तेज क्रेप, त्यावर चमक चालायची नाही. चमकदार काळं म्हणजे शोक उतरत आल्याची खूण. आपण चित्रपटातून उचलतो तो काळा रंग बहुतेक वेळा असा चमक घेऊन आलेला असतो.

पानांवर मी सध्या जीव टाकून बसलेय. एक पान असं होतं: वर काळं साटीन, खाली काळा ऑर्गंझा, मधे फ्युजिंगची पातळ जाळी. तिन्ही इस्त्रीने चिकटवून पानाचा आकार कापायचा. दोन्ही कापडं पॉलिएस्टरची आहेत, त्यामुळे कड मेणबत्तीच्या ज्योतीच्या अगदी जवळून, न टेकवता, फिरवली की धागे सुटत नाहीत आणि कड जरा आकसते. शेजारी पाण्याचं भांडं ठेवूनच बसा, आणि सुती कापडावर हे करू नका, ते पेट घेतं. मग मधल्या शिरेवर दुहेरी दोऱ्याने धावदोरा घालायचा आणि शेवटी दोरा हलकेच ओढायचा. पान जागच्या जागी वळतं, कडा वर येतात, मधे खोलगट होतं, आणि हातात वाळलेलं पान येतं. किती ओढायचं हे बोटांना कळायला लागतं. प्रत्येक पान वेगळं वळतं, आणि मला नेमकं तेच हवंय.

मखमलीवर पान लावताना फक्त देठ आणि शीर टाचतेय, कडा मोकळ्या. कडेची सावली मखमलीवर पडते, म्हणून पान वर उगवल्यासारखं दिसतं. पूर्ण चिकटवलेलं पान छापील वाटतं. मोठी पानं घेराच्या तळाशी, वर जाताना लहान आणि विरळ. हे सगळं गाऊन डमीवर, आत बसल घालून. जमिनीवर पसरलेल्या स्कर्टवर बेतलेली वेल अंगावर चढली की शिवणींवर तुटते.

बॉडिसची आतली बाजू कोणाला दिसणार नाही, पण मला तीच जास्त आवडलीय. मखमलीचा प्रत्येक तुकडा घट्ट विणीच्या सुती अस्तरावर टाचून दोन्ही मिळून एकच कापड समजून शिवलाय. त्या काळच्या बॉडिसची हीच रीत. शिवणींची मार्जिनं हाताने गुंडाळली, टक्सवर आणि बाजूंच्या शिवणींवर पट्ट्या बसवल्या, आणि कमरेला आतून एक पट्टा जोडला. बॉडिस चढवताना आधी हा पट्टा हुकने लावायचा. सगळा ताण तो घेतो आणि बॉडिस वर सरकत नाही. हूक आणि त्यांच्या कड्या आलटून पालटून दोन्ही बाजूंना लावलेत, म्हणजे अंग सैल सोडलं तरी ते निसटत नाहीत. मुंढा उंच आणि लहान ठेवला. अंगाला घट्ट असूनही हात वर जातो तो या उंच मुंढ्यामुळे. मांजरपाटावर आधी कच्चं शिवून बघा, फरक लगेच कळेल.

बाह्यांशिवायच सगळं घालून फिरून बघितलं. बूट सर्वांत आधी घालायचे, कॉर्सेट चढल्यावर पायापर्यंत वाकता येत नाही. बसायला पाठ नसलेलं स्टूल बरं: कडेवर टेकायचं आणि बसल एका बाजूला सारायचा. वाकायचं तर कमरेतून नाही, गुडघे आणि मांड्यांतून. जिने चढताना स्कर्ट पुढून उचलायचा, मागचा घेर आपोआप मागे येतो. या गाऊनमध्ये घाईने चालताच येत नाही. मान ताठ राहते, खांदे मागे जातात, वळायचं तर सगळं अंग वळवावं लागतं. ल्यूसिलची ती थंड, सावकाश चाल मी आरशासमोर कितीतरी वेळ घोटत होते, ती कपडे चढवल्यावर आपसूक आली. पाणी मात्र थोडं थोडं पीत राहा आणि दम लागला तर लाज न बाळगता नाडी सैल करून घ्या. नाडी सोडायला माहितगार माणूस सोबत असूच द्या.

ल्यूसिलकडे असतो तसा किल्ल्यांचा जुडगा कमरेला हवाच. तो मखमलीला अडकवला तर कापड ओढलं जातं, म्हणून साखळी स्कर्टच्या कमरपट्टीतून आतून काढली आहे.

पुढचं काम बाह्यांचं, नंतर कॉलरला आतून बकरम आणि दोन बारीक पट्ट्या. घेराच्या तळाला आतून ताठ सुती पट्टी आणि अगदी कडेला जाड वेणी, म्हणजे विणलेली फीत, लावणार आहे. त्या काळी ही वेणी झिजायची, कापड शाबूत राहायचं, आणि वेणी उसवून नवी लावता यायची. कॉलरच्या कडेला पानं अगदी लहान लागतील, नखाएवढी. तेवढ्या आकारात शीर ओढली की पान गोळा होतं, म्हणून त्यांच्यासाठी साटीनचा एकच थर आणि एकेरी दोरा असं करून बघतेय.